सेवासप्ताहाचा आठवा दिवस

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात झालेले व्याख्यान)



पन्नास वर्षे ही कोणत्याही संस्थेच्या जीवनात अभिमानाने मागे वळून पाहण्याची वेळ असते. स्मरणिकेची पाने छायाचित्रांनी भरतात, देणगीदारांची नामावली सजते, अहवालातील आकड्यांवरून समाधानाने नजर फिरते. हे सर्व उचितच आहे. परंतु आत्मपरीक्षण हा ज्या धर्माचा पाया आहे, त्या धर्माच्या अनुयायांनी अशा मंगल प्रसंगी थोडा हिशेबही मांडावा, या हेतूने आजच्या व्याख्यानासाठी ‘सेवासप्ताह’ हा विषय योजिला आहे.

भगवान महावीर जन्मकल्याणकाचा दिवस, म्हणजे चैत्र शुद्ध त्रयोदशी, जवळ आली की महाराष्ट्रातील गावोगावच्या जैन समाजात एक लगबग सुरू होते. पहाटेची प्रभातफेरी, पाणपोईचे उद्‌घाटन, रक्तदान शिबिर, नेत्रतपासणी, पांजरपोळात चारावाटप, रुग्णालयात फळवाटप, कृत्रिम पायांचे शिबिर, विद्यार्थ्यांना वह्या आणि अखेर शोभायात्रा व साधर्मिक वात्सल्य. सात दिवस कार्यकर्त्यांच्या पायाला उसंत नसते. मंडपवाला, ध्वनिक्षेपकाची परवानगी, रुग्णवाहिका, डॉक्टरांचा चहा, बॅनरवरील नावांचा क्रम, वृत्तपत्रांना द्यावयाची बातमी, अशी शंभर कामे असतात. बारकाईने पाहिले तर धावणारी माणसे बहुधा तीच दहा-पंधरा असतात आणि महिला मंडळाच्या ज्या भगिनी पहाटे चार वाजल्यापासून रसोड्यात उभ्या असतात, त्या कोणत्याही छायाचित्रात दिसत नाहीत. या सर्वांच्या श्रमांची अनुमोदना प्रथम केली पाहिजे. घरचा व्यवसाय सोडून, उन्हातान्हात आठवडाभर राबणे ही लहान गोष्ट नव्हे.

कार्यक्रम आणि कार्य

तथापि, एक प्रश्न या लगबगीत मागे राहून जातो. सातव्या दिवशी रात्री मंडप उतरतो, खुर्च्या मोजून परत जातात. मग आठव्या दिवशी काय उरते ? कार्यक्रम आणि कार्य या दोन शब्दांतील अंतर या प्रश्नाच्या उत्तरात आहे. कार्यक्रमाला तारीख असते, वेळ असते, समारोप असतो. कार्याला फक्त प्रारंभ असतो. ज्याची सेवा करावयाची त्याची गरज संपेपर्यंत ते संपत नाही.

व्यापारी समाजाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नव्या दुकानाच्या मुहूर्ताला केवढी गर्दी लोटते ! पेढे वाटले जातात, हार-तुरे होतात. परंतु दुकान मुहूर्ताच्या गर्दीवर चालत नाही. साध्या मंगळवारी दुपारी जो गिऱ्हाईक पायरी चढतो, त्याच्यावर ते चालते. सेवासप्ताह हा सेवेचा मुहूर्त आहे. तो थाटात व्हावा, पण त्यालाच व्यापार समजण्याची चूक होऊ नये.

सात दिवसांचा हिशेब

प्रथम पाणपोई घेऊ. चैत्रात फीत कापून ती सुरू होते. परंतु उन्हाचा खरा तडाखा वैशाखात असतो आणि तहानलेल्या वाटसरूला मृगाचा पाऊस येईपर्यंत पाण्याची गरज असते. रोज माठ घासणे, पाणी गाळून भरणे, दुपारी पुन्हा भरणे, पेले स्वच्छ ठेवणे हे काम करणारा एक माणूस नेमला नसेल, तर अक्षय तृतीयेपर्यंत माठ कोरडे पडतात आणि वर संस्थेच्या नावाचा फलक तेवढा डोलत राहतो. रिकाम्या माठावरील नाव हे संस्थेचे भूषण नव्हे.

दुसरा दिवस रक्तदानाचा. एकाच दिवशी अधिकाधिक पिशव्या जमविण्याची चुरस आता गावोगावी दिसते. रक्ताची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. ते धान्यासारखे कोठारात साठविता येत नाही. नेहमीच्या पद्धतीने साठविलेले पूर्ण रक्त सुमारे 35 दिवस टिकते. वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी विशेष द्रावणात 42 दिवसांपर्यंत राहतात आणि प्लेटलेट्स तर अवघे 5 दिवस. एका गावात एकाच आठवड्यात चार संस्थांची शिबिरे झाली, तर त्या आठवड्यात रक्तपेढीचे शीतकपाट ओसंडते. पुढे मे महिन्यात महाविद्यालये बंद, लोक परगावी, अशा वेळी तेच कपाट रिकामे असते. थॅलेसेमियाच्या बालकाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. त्या बालकाची निकड जयंतीची तिथी पाहून येत नाही. निरोगी पुरुष दर 90 दिवसांनी आणि स्त्री दर 120 दिवसांनी रक्तदान करू शकते. म्हणजे तीनशे दात्यांचे एक शिबिर घेण्याऐवजी रक्तपेढीला विचारून पंच्याहत्तर दात्यांची चार शिबिरे वर्षभरात घेतली, तर दाते तेच, कष्टही जवळजवळ तेवढेच, पण रक्त वाया जाण्याचा धोका कमी आणि मे महिन्यातही पेढीत पुरवठा. वृत्तपत्रात विक्रमाची बातमी येणार नाही, एवढाच काय तो तोटा.

तिसरा दिवस नेत्रतपासणीचा. प्रत्येक शिबिरात एखादी आजी असतेच. डॉक्टर सांगतात, ‘मोतीबिंदू पिकला आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल.’ तिच्या हाती चिठ्ठी दिली जाते आणि अहवालात ‘लाभार्थी’ म्हणून तिची नोंद होते. पण तिला रुग्णालयात घेऊन कोण जाणार ? बसचे भाडे, सोबतीला माणूस, एक दिवसाची बुडालेली मजुरी, हे तिचे खरे आजार असतात. शस्त्रक्रिया हल्ली थोड्या मिनिटांत होते. त्यानंतर काही आठवडे दिवसातून अनेक वेळा डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात, तपासणीला पुन्हा जावे लागते, चष्म्याचा नंबर काढावा लागतो. घरी एकट्या राहणाऱ्या आजीच्या डोळ्यांत हे थेंब घालणारा हात म्हणजे सेवा. चिठ्ठी ही केवळ तिची प्रस्तावना झाली.

याच दिवशी नेत्रदानाचे संकल्पपत्रही भरून घेतले जाते. जैन समाज या कामी पुढे आहे, ही आनंदाची बाब आहे. परंतु संकल्पपत्राने नेत्रदान होत नाही, ते मृत्यूनंतर घरच्या माणसांनी केलेल्या फोनने होते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात. नेत्रपेढीचे पथक येईपर्यंत पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने थोडे उंच करावे. चष्मा असलेल्यांचे, मधुमेह असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचेही नेत्र सामान्यतः स्वीकारले जातात. भरलेला अर्ज कपाटात राहिला आणि शोकाच्या घाईत फोन करण्याचे कोणालाच सुचले नाही, तर दोन अंध व्यक्तींना मिळू शकणारी दृष्टी चितेवर जळून जाते. म्हणून प्रत्येक गल्लीत असा एक कार्यकर्ता असावा की, ज्याने दुःखाच्या त्या घरात हळुवारपणे शिरून, हात जोडून आठवण करून द्यावी. यापेक्षा कठीण स्वयंसेवा दुसरी नाही. आणि तिला सप्ताह नसतो.

चौथा दिवस जीवदयेचा. मुंबईचा पांजरपोळ 1834 साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने उभा राहिला. पारशी व जैन दानशूरांनी मिळून सुरू केलेले ते कार्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कारण मुक्या जनावराला रोज चारा लागतो, हे त्या पूर्वजांनी जाणले होते. आज जयंतीच्या दिवशी पांजरपोळात गूळ, पोळ्या, लाडू यांच्या टोपल्या घेऊन रांगा लागतात. गाईच्या पोटाला सवय असते ती वैरणीची. एकाच दिवशी गूळ, धान्य, शिजवलेले अन्न पोटात अति झाले की पोटफुगी होते, आम्लता वाढते, प्रसंगी जीवही जातो. दयेच्या भरात हिंसा घडावी, यासारखे दुर्दैव नाही ! आणि त्याच पांजरपोळाला वैशाख-ज्येष्ठात वैरण महाग झाल्यावर उधारी करावी लागते. गुळाच्या टोपलीऐवजी दरमहा वैरणीची एक ठरावीक रक्कम पोहोचली, तर जनावर बोलणार नाही, पण जगेल.

पाचवा दिवस फळवाटपाचा. शासकीय रुग्णालयातील एकाच खाटेवर सकाळपासून तीन संस्थांची केळी येऊन पडतात, त्यातील रुग्णाला मधुमेह असतो आणि त्याची पत्नी जिन्याखाली उपाशी बसलेली असते. खेड्यातून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला दोन वेळचे जेवण आणि रात्री पाठ टेकण्यास जागा हवी असते. विचारल्याशिवाय हे कळत नाही. सेवेचा आरंभ देण्याने होत नसून विचारण्याने होतो, ही साधी गोष्ट फळांच्या करंड्यांमागे झाकली जाते.

सहावा दिवस कृत्रिम पायांचा. जयपूर फूटची कथा सर्वपरिचित आहे. 1968 च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. पी. के. सेठी यांच्या सहकार्यातून हा पाय साकारला. मांडी घालून बसता यावे, शेतात चिखलात चालता यावे, अनवाणी वावरता यावे, अशी भारतीय माणसाची गरज ओळखून तो घडविला गेला. पुढे 1975 साली भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय देशोदेशी विनामूल्य पोहोचला. महोत्सव सरला, कार्य राहिले, याचे हे उत्तम उदाहरण होय. गावच्या शिबिरातही हीच दृष्टी हवी. पाय झिजतो, पट्टा तुटतो, लहान मुलाची उंची वाढते आणि पाय आखूड पडतो. शिबिरात टाळ्यांच्या गजरात चालू लागलेला मुलगा दोन वर्षांनी पुन्हा कुबडीवर आला, तर तो कोणाच्या लक्षात राहतो ?

सातवा दिवस विद्यार्थ्यांचा. बारा वह्या आणि एक पेन देताना पाच मान्यवरांचे हात त्या मुलाच्या हाताला लागतात. त्याची मान मात्र खाली असते. साधर्मिकाच्या मुलाला सभेत उभे करून दिलेली मदत त्याच्या स्वाभिमानाला किती महाग पडते, याचा विचार व्हावा. मदत गुप्त असावी, पुरेशी असावी आणि अखेरच्या परीक्षेपर्यंत पोहोचणारी असावी.

शास्त्र आणि इतिहास काय सांगतात ?

सर्व संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात, एकमेकांच्या उपयोगी पडणे हे जीवांचे कार्य सांगितले आहे. याच ग्रंथात बारा प्रकारच्या तपांचे विवेचन येते. उपवास हे बाह्य तप. तर वैयावृत्त्य, ज्याला आपण वैयावच्च म्हणतो, ते आभ्यंतर तप होय. सेवेची गणना तपात, आणि तीही आभ्यंतर तपात केली आहे, हे मननीय आहे. जे आभ्यंतर आहे, त्याला प्रेक्षक कशाला ?

वैयावच्च म्हटले की नंदिषेण मुनींची कथा आठवते. तपाच्या पारण्याला बसलेले मुनी आजारी साधूची वार्ता ऐकताच हातातील आहार सोडून उठले. परीक्षा पाहण्यासाठी देवाने घेतलेले ते रूप होते. त्याने कठोर शब्द ऐकविले, खांद्यावर बसून अंग मलिन केले. मुनींच्या मनात मात्र त्याच्या वेदनेखेरीज दुसरा विचार आला नाही. या कथेत सत्कार नाही, सभा नाही. ज्याची सेवा केली त्याने धन्यवादही दिले नाहीत, उलट रागच केला. सेवा करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा रुग्ण कधी ना कधी येतोच.

इतिहासाकडे वळले तर महाराष्ट्राच्या मातीतच दोन उदाहरणे सापडतात. 1887 साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. मुले रोज जेवतात. म्हणून घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढण्याची मुष्टिफंडाची कल्पना त्यांनी रुजविली. आणि एकदा मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. आठवड्याच्या मेजवानीने नव्हे, रोजच्या मुठीने ते वसतिगृह चालले.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिव परिसरात भूकंप झाला. मदतीचे असंख्य ट्रक गेले, कपड्यांचे ढीग पडले. शांतीलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखालील भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुले पुण्यास आणली आणि त्यांच्या शिक्षणाची, निवासाची जबाबदारी घेतली. आठवड्याभरात ट्रक परत गेले. मुले मात्र वाघोलीच्या परिसरात वर्षानुवर्षे राहिली, शिकली, आपापल्या पायांवर उभी राहिली. संकटाच्या पहिल्या आठवड्यात सारे जग धावते. नंतरची वर्षे कोण धावतो, यावरून समाजाची ओळख ठरते.

आठवा दिवस

श्वेतांबर परंपरेत पर्युषणाचा आठवा दिवस संवत्सरीचा असतो. सात दिवसांच्या आराधनेनंतर त्या दिवशी माणूस स्वतःला विचारतो, कोठे चुकले, कोणाचे मन दुखावले. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणी येते, तिचाही भाव तोच. सेवासप्ताहालाही असा एक आठवा दिवस जोडला जावा, हे या व्याख्यानाचे एकमेव निवेदन आहे. त्या दिवशी हार नको, बॅनर नको. कार्यकर्त्यांनी सतरंजीवर बसून एक वही उघडावी.

प्रत्येक पेढीवर अशी वही असते. विकलेल्या मालाची पावती एकदा फाडली की संपते, उधारीची वही मात्र रोज उघडावी लागते. कोणाकडे किती येणे, पुढची तारीख कोणती, तगादा कोणी करावयाचा, हे तिच्यात लिहिलेले असते. ज्या व्यापाऱ्याची वसुलीची वही बंद, त्याचे दुकान बंद होण्यास वेळ लागत नाही. सेवेची वही तशीच, फक्त तिच्यात येणे नसून देणे लिहावयाचे. आजीचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख, थेंब घालणाऱ्याचे नाव. मुलाचे नाव, पाय पुन्हा तपासण्याची तारीख, त्याला नेणाऱ्याचे नाव. विद्यार्थ्याचे नाव, शुल्काची तारीख, ते गुप्तपणे भरणाऱ्याचे नाव. देणगीदाराचे नाव पाषाणावर कोरले जाते, जबाबदार माणसाचे नाव या वहीत असावे. पाषाणावरील नाव कधी पुसले जात नाही. वहीतील नावावर मात्र काम झाल्यावर रेघ ओढता येते, आणि त्या रेघेचे समाधान काही वेगळेच असते.

यासाठी माणसे कोठून आणावयाची, असा प्रश्न विचारला जाईल. तीच दहा-पंधरा माणसे आणखी किती धावणार ? उत्तर असे की, कार्यक्रम निम्मे करावेत. सात दिवसांत सात उपक्रमांऐवजी तीन घ्यावेत आणि ते वर्षभर चालवावेत. एका घराने एक नाव सांभाळावे. निवृत्त ज्येष्ठांनी रुग्णालयाची सोबत करावी, तरुणांनी वाहन चालवावे. रसोड्यातील भगिनींना केवळ स्वयंपाकापुरते न ठेवता वहीच सोपवावी, कारण कोणाचे औषध केव्हा संपले हे त्यांच्याइतके कोणाच्याच ध्यानात राहत नाही. आपली मुले समाजाच्या कामात येत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक सभेत होते. खुर्च्या मांडण्यासाठी आणि स्वागताला उभे राहण्यासाठी ती येणारही नाहीत. एखाद्या आजीची जबाबदारी त्यांच्यावर टाकून पाहावी. चष्मा घालून त्या आजीने नातवाचा चेहरा पाहिला, ते ज्या तरुणाने पाहिले, त्याला पुन्हा बोलवावे लागणार नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या पूर्वजांनी या ट्रस्टचे रोप लावले, त्यांच्यापाशी बॅनर नव्हते, छायाचित्रकार नव्हते. त्यांच्यापाशी होती ती नित्यनेमाची सवय. रोज देवदर्शन किंवा सामायिक, रोज पक्ष्यांना दाणे, रोज दारी आलेल्याला अन्न. ही नित्यता हेच त्यांनी ठेवलेले खरे धन आहे. शतकमहोत्सवाच्या स्मरणिकेत पुढील पिढीला शिबिरांची संख्या मोठी दिसली नाही तरी चालेल; परंतु या गावात रुग्णाला सोबत मिळाली नाही, माठ कोरडा राहिला, हुशार मुलाचे शिक्षण पैशांवाचून थांबले, असे त्या पिढीला लिहावे लागू नये.

 या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र !